नाण्यांची हातचलाखी: हाताची तयारी आधी की सादरीकरण?

तळहात (कोथरूड):

नमस्कार. गेली तीन वर्षे मी नाण्यांच्या हातचलाखीचा रोज किमान तासभर सराव करतो आहे. क्लासिक पाम, म्हणजे तळहाताच्या स्नायूंच्या पकडीत नाणे धरून ठेवणे, मला आता दोन्ही हातांनी जमते आणि रिटेन्शन व्हॅनिश, म्हणजे नाणे मुठीत ठेवल्याचे भासवून नाहीसे करण्याची क्रिया, करताना आरशात पाहिले की क्षणभर माझेच डोळे फसतात. सरावासाठी मी जुन्या बाजारातून रविवारी घेतलेले चांदीचे जुने रुपये वापरतो. एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा तो रुपया आकाराने परदेशी जादूगारांच्या आवडत्या अर्ध्या डॉलरच्या अगदी जवळ जातो आणि दातेरी कडेमुळे तळहातात घट्ट बसतो.

गेल्या कोजागरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी चार नाण्यांचा प्रयोग केला. हाताची चूक कुठेही झाली नाही आणि लपवलेले नाणे एकदाही दिसले नाही, तरीही टाळ्या पडल्या त्या केवळ सौजन्यापोटी. माझ्यानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी एकच नाणे आणि एक रुमाल घेऊन, एका लहान मुलीला शेजारी बसवून, सात-आठ मिनिटे सगळ्यांना खिळवून ठेवले. त्यांच्या हातात नाणे कुठे आहे हे मला प्रत्येक क्षणी कळत होते. बाकी कोणालाही ते कळले नाही, आणि शोधून काढावे असेही कोणाला वाटले नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. पुढचे वर्ष मी बोटांवर घालवावे की सादरीकरणावर? ज्यांनी प्रत्यक्ष लोकांसमोर प्रयोग केले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पेठेतला हात:

आपल्या वर्णनात एक गोष्ट आलेली नाही, ती म्हणजे डावी मूठ मिटल्यानंतर ती उघडेपर्यंत आपण किती वेळ थांबलात. रिटेन्शन व्हॅनिशमध्ये अंगठा आणि तर्जनीत धरलेले नाणे डाव्या तळहातावर टेकते, डावी बोटे मिटू लागतात आणि अगदी शेवटच्या क्षणी नाणे उजव्या हातात मागे सरकते; त्याची चकाकी डोळ्यांत रेंगाळते आणि पाहणाऱ्याला ते मुठीत गेल्याचे दिसते. इथपर्यंतचे काम बोटांचे आहे आणि ते आपण उत्तम करत असणार. अडचण पुढे येते. नवीन जादूगार मूठ इतक्या लवकर उघडतात की नाणे तिथे आहे अशी खात्री धरायला प्रेक्षकाला वेळच मिळत नाही, आणि जे तिथे आहे याची खात्रीच पटलेली नव्हती ते नाहीसे झाल्याचे आश्चर्य त्याला वाटावे तरी कसे?

मुंजी, बारशी आणि गणेशोत्सवातले कार्यक्रम धरून मी तीस वर्षे हे काम केले. माझी पद्धत अशी आहे की मूठ मिटल्यावर मी स्वतः तिच्याकडे पाहतो, तिच्यात नाण्याचे वजन आहे अशा बेताने मनगट किंचित खाली येऊ देतो, दुसरा हात शरीराजवळ सैल सोडतो आणि एक वाक्य पूर्ण बोलून मगच बोटे उघडतो, तीही करंगळीपासून, एकेक करून.

स्कॉटलंडमधील एअर गावचे जॉन रॅमझे (१८७७–१९६२) यांचे किराणा मालाचे दुकान होते, पण नाण्यांच्या कामात त्यांनी भल्याभल्या जादूगारांना चकवले. लोकांनी एखाद्या वस्तूकडे पाहावे असे वाटत असेल तर आपण तिच्याकडे पाहावे, आणि त्यांनी आपल्याकडे पाहावे असे वाटत असेल तर आपण त्यांच्याकडे पाहावे, असे ते शिकवत. याला प्रयोगशाळेतही पुष्टी मिळालेली आहे. गुस्ताव कून आणि मायकेल लँड या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात जादूगार दोनदा खराच चेंडू वर फेकतो आणि तिसऱ्यांदा नुसता फेकल्याचा आविर्भाव करतो. त्याची नजर न फेकलेल्या चेंडूमागे वर गेली तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश प्रेक्षकांना चेंडू वर जाताना दिसला, आणि नजर हातावरच राहिली तेव्हा हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास उतरले. म्हणून नजरेलाही मी तंत्रातच धरतो आणि तिचा सराव बोटांइतकाच नेमाने करायला सांगतो. आपण तीन वर्षे आरशात पाहून सराव केला असेल, तर मूठ मिटताना आपली नजर कुठे जाते हे आपल्याला ठाऊकच नसण्याचा संभव आहे, कारण आरशासमोर ती सतत आरशातच असते. महिनाभर आरसा बंद ठेवून मोबाइलवर चित्रण करून पाहा.

दातेरी कड:

वरील प्रतिसादातील नजरेचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु एका धोक्याची जाणीव करून देणे मला आवश्यक वाटते. सादरीकरणच महत्त्वाचे, हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा सराव टाळणाऱ्यांच्या तोंडी ऐकू येते, आणि हात कच्चा असलेल्या माणसाला गोड बोलणे फार तर दोन कार्यक्रम तारून नेते. गाण्यात गळ्याची तयारी नसलेल्या गायकाला भाव कितीही कळला तरी तो गळ्यातून उतरत नाही. नाण्याचेही तसेच आहे.

टी. नेल्सन डाउन्स (१८६७–१९३८) हे अमेरिकेतील आयोवा राज्यात रेल्वेच्या तारखात्यात कामाला होते आणि तिथल्या रिकाम्या वेळेत त्यांनी नाण्यांवर हात बसवला. पुढे हवेतून एकामागून एक नाणी काढून हॅटमध्ये टाकण्याच्या प्रयोगाने ते नाण्यांचे राजे म्हणून ओळखले गेले. आपल्या जवळच्या काळातले उदाहरण म्हणजे डेव्हिड रॉथ (१९५२–२०२१). काळ्या फेल्टचा एक गोल तुकडा म्हणजे घडी घालून कुठेही नेता येणारे छिद्र आहे अशी कल्पना करून ते नाणी त्यात टाकत, आणि ट्यूनिंग फोर्कच्या नादावर नाणी प्रकट करत. ही सुंदर रूपके ज्याला सुचली तो माणूस त्या काळातील सर्वांत तयार हातांपैकी एक होता, हा मला योगायोग वाटत नाही. बोटांची काळजी उरली नाही की मन कल्पनेसाठी मोकळे होते.

तळहात यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपली तयारी एकदा आरशाबाहेर तपासावी. नाणे पाम करून अमृततुल्यमध्ये जा, त्याच हाताने चहाचा ग्लास उचला, त्याच हाताने सुटे पैसे द्या आणि कोणाशी तरी बोलत राहा. बोलता बोलता अंगठा ताठ होऊन तळव्यापासून दूर जात असेल, तर तो अंगठाच प्रेक्षकाला सांगतो की या हातात काहीतरी आहे. नाणे न दिसताही प्रयोग फिका पडण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. शिवाय हाच सराव चांदीच्या रुपयाबरोबर दहा रुपयांच्या नाण्यावरही करावा. ते २७ मिलिमीटरचे आणि पावणेआठ ग्रॅमच्या आसपास आहे, त्याची सोनेरी कड बोटांच्या फटीतून चटकन चमकते, पण लोकांच्या खिशात आज तेच असते.

गोष्टवेल्हाळ:

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि वर्गात जादू करते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांनी मुलीला शेजारी का बसवले याकडे अजून कोणी लक्ष वेधलेले नाही, म्हणून लिहिते. सर्वांचे डोळे नाण्याकडून त्या मुलीच्या चेहऱ्याकडे गेले आणि नाण्याचे काय होणार याऐवजी तिचे काय होणार याची काळजी लोकांना लागली.

पुण्यात जादू म्हटले की आजही अनेकांना जादूगार रघुवीर आणि त्यांचा भरलेला रंगमंच आठवतो. रंगमंचावर उजेड, संगीत आणि पेट्या सोबतीला असतात. हातभर अंतरावर बसलेल्या माणसासमोर यातले काहीच नसते, त्यामुळे नाणे कोणाचे आहे आणि ते का नाहीसे व्हावे, हे आपल्यालाच घडवावे लागते. मी नाणे मुलांकडूनच घेते आणि त्यावरचे साल त्या मुलाला मोठ्याने वाचायला लावते. एकदा एका मुलाने आपले जन्मसाल वाचले आणि वर्ग एकदम शांत झाला. त्या क्षणापासून ते दहा रुपयांचे कुठलेही नाणे राहिले नव्हते. आधुनिक जादूचे जनक मानले जाणारे फ्रान्सचे रॉबेर-हूदँ (१८०५–१८७१) जादूगाराला जादूगाराची भूमिका करणारा नट म्हणत. मला यातला नट हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण नटाला आपल्या हातातली वस्तू खरी मानावी लागते. आपण चार नाणी घेतलीत, परंतु त्या गच्चीवर एकाही नाण्याची ओळख कोणाला झाली नाही. एकच घ्या.

तळहात (कोथरूड):

आपण तिघांनीही इतक्या मनापासून लिहिलेत त्याबद्दल आभारी आहे. काका, मी मोबाइलवर चित्रण केले आणि आपले म्हणणे खरे निघाले: मूठ मिटत असताना माझी नजर प्रत्येक वेळी उजव्या हाताकडे, म्हणजे नेमकी जिथे नाणे लपलेले असते तिथे, जाऊन येते. अंगठाही ताठ होतो, विशेषतः डाव्या हाताचा. आरशात हे मला तीन वर्षांत दिसले नव्हते.

ताई, काल रात्री जेवणानंतर आजीकडून तिच्या बटव्यातले नाणे मागून घेतले आणि तिलाच साल वाचायला सांगितले. चष्मा शोधून, नाणे दिव्याजवळ नेऊन तिने ते वाचले. मग मी मूठ मिटली, मुठीकडे पाहिले आणि बोलता बोलता थांबलो. मी बोटे उघडण्याआधीच तिने माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि म्हणाली, "थांब, इतक्यात उघडू नकोस."

डाव्या अंगठ्यासाठी वेगळा सराव कोणी करत असल्यास जरूर सांगावे.

दातेरी कड:

डाव्या हातात नाणे पाम करून त्याच हाताने वर्तमानपत्राची पाने उलटत जा. सुरुवातीला नाणे पडेल, म्हणून खाली सतरंजी असू द्यावी. पान धरताना अंगठ्याला वाकावेच लागते, आणि पंधरा दिवसांत त्याला नाण्याचा विसर पडू लागतो.