मदत हवी आहे: चढासाठी हलके गिअर हवेत, कॅसेट बदलू की क्रँक?

नमस्कार मंडळी,

माझ्या रोड बाइकला शिमानो 105 (आर7000, 11 स्पीड) हा गिअरचा संच आहे. पुढे क्रँकवर (पायडल जोडलेला भाग) 50 आणि 34 दातांच्या दोन चेनरिंग, म्हणजे 50/34, मागच्या चाकावर 11 ते 28 दातांच्या चकत्यांची 11-28 कॅसेट, चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा रिअर डिरेलर छोट्या केजचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग) म्हणजे एसएस. सपाटीवर काहीच तक्रार नाही. पण चढ 8-9 टक्क्यांच्या वर गेला की शेवटच्या गिअरवरही पायडल अक्षरशः रेटावं लागतं, कॅडन्स (मिनिटाला पायडलच्या फेऱ्या) साठावर येतो आणि लांबलचक घाट असला की गुडघे बोलायला लागतात. (वजन उतरवा, व्यायाम वाढवा हा सल्ला घरून फुकट मिळतो, तेव्हा इथे गिअरबद्दलच बोलूया.)

थोडी आकडेमोड केली. 34/28 (पुढे 34, मागे 28 दात) म्हणजे पायडलच्या एका फेरीला चाकाच्या 1.21 फेऱ्या, 60 च्या कॅडन्सला ताशी 9 किमीच्या आसपास. तेवढाच वेग 34/34 वर ठेवला तर कॅडन्स 73 पर्यंत जातो. मला एवढंच हवंय.

आता गोंधळ असा, की एसएस डिरेलरसाठी शिमानो मागे जास्तीत जास्त 30 दात सांगतं. 32 बिनधास्त चालवणारे बरेच आहेत, 34 बद्दल मात्र "चालतं" आणि "डिरेलर तुटेल" अशी दोन टोकं. हँगरला (डिरेलर फ्रेमला जिथे जोडतात तो तुकडा) एक्स्टेंडर लावून डिरेलर खाली घ्यावा असंही कोणी सुचवतं. दुसरीकडे, कॅसेटला हात न लावता ग्रॅव्हल म्हणजे कच्च्या रस्त्यांच्या सायकलचा 46/30 क्रँक बसवावा असा एक विचार आहे. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

प्रतिसाद

दोन मर्यादा वेगवेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ होतेय. एक, सर्वात मोठ्या चकतीचे दात. दुसरी, एकूण क्षमता, म्हणजे केज किती ढिली चेन ओढून धरू शकतो. पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अधिक कॅसेटच्या दोन टोकांमधला फरक. तुमचं आत्ता 16 + 17 = 33. एसएसची क्षमता 35. 11-30 घेतलंत तर बरोबर 35. 11-34 घेतलंत तर 39, आणि हे एसएसच्या आवाक्यातलं नाही. एक्स्टेंडरने डिरेलरची वरची चाकी मोठ्या चकतीपासून लांब जाते खरी, पण केजची लांबी वाढत नाही, त्यामुळे चेनचा ढिलेपणा तसाच. शिवाय लहान चकत्यांवर शिफ्टिंग मंदावतं. माझं मत स्पष्ट आहे: जुगाड नको, त्याच 105 चा जीएस म्हणजे मध्यम केजचा डिरेलर घ्या. 34 दात आणि 39 क्षमता, दोन्ही त्यात बसतं. शिफ्टर, केबल, पुढचं सगळं तसंच राहतं.

माउंटन बाइकचा 11 स्पीड डिरेलर मात्र घेऊ नका. त्याचं केबल ओढण्याचं प्रमाण वेगळं असतं, रोड शिफ्टरशी जुळत नाही.

प्रतिसाद

क्रँकबद्दल. 46/30 लावून 11-28 ठेवलंत तर हलका गिअर 30/28 = 1.07. तोच परिणाम 34/32 ने मिळतो (1.06). म्हणजे एवढा खर्च करून 32 च्या कॅसेटइतकाच फायदा. त्यात जीआरएक्स (शिमानोचा ग्रॅव्हल संच) क्रँकची चेनलाइन, म्हणजे चेनरिंगची फ्रेमपासूनची जागा, 2.5 मिमी बाहेर असते, म्हणून पुढचा डिरेलरही त्याचाच लागतो. उतारावर 50/11 ऐवजी 46/11, हे कोणाला खटकतं, कोणाला नाही. 34 नेही भागत नसेल तेव्हा क्रँकचा विचार करा. दोन्ही बदललं तर 30/34 = 0.88, त्यावर भिंतसुद्धा चढता येईल!

11-34 ची एक किंमत आहे, ती आधीच सांगतो: चकत्या 11-13-15-17 अशा जातात. तुमच्या 11-28 मधले 12 आणि 14 गेले. ग्रुपबरोबर सपाटीवर वेगात असताना एक गिअर जड, पुढचा हलका, असं होतं. घाटच जास्त करत असाल तर हा तोटा विसरा.

धागाकर्ता

खूप आभार! मग जीएस आणि 11-34 पक्कं. चेन जुनीच चालेल का? फार झिजलेली नाही.

प्रतिसाद

नवीच घ्या, जुनी बहुतेक आखूड पडेल. सर्वात मोठी चेनरिंग आणि 34 ची चकती, यांवरून डिरेलरमधून न नेता चेन गुंडाळा, दोन टोकं जिथे जुळतात त्यापुढे दोन कड्या जास्त ठेवून तोडा. आखूड राहिली आणि चुकून पुढे मोठी चेनरिंग, मागे मोठी चकती असं पडलं तर डिरेलर आणि हँगर दोन्ही जातात.

अजून एक: शिमानोची 11 स्पीड 11-34 कॅसेट 10 स्पीडच्या फ्रीहबवरही (मागच्या चाकाचा, कॅसेट बसते तो भाग) बसेल अशी बनवलेली आहे. तुमच्या 11 स्पीड फ्रीहबवर तिच्यामागे 1.85 मिमीचा स्पेसर (जागा भरणारी कडी) हवाच, नाहीतर कॅसेट घट्ट धरणारी लॉकरिंग कितीही आवळा, कॅसेट डुगडुगत राहील. शेवटी 34 वर असताना डिरेलरचा बी-स्क्रू (चाकी आणि चकतीतलं अंतर ठरवणारा) फिरवून वरची चाकी चकतीला घासत नाही ना, ते बघा.