'१ मिलिसेकंदचा मॉनिटर घ्या, ब्लर विसरा' – हे पसरवणं थांबवा

निवांत_नाना: काल कुणीतरी वरचं वाक्य टाकलं आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. ब्लर म्हणजे हलतं चित्र धूसर दिसणं; १ मिलिसेकंद म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ. पिक्सेल कितीही झटपट बदलला तरी ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, १६.७ मिलिसेकंद पडद्यावर ठाण मांडून असते. डोळा मात्र हलत्या वस्तूमागे सरकत राहतो, म्हणून चित्र फासलं जातं. सेकंदाला ९६० पिक्सेल वेग धरा: ६० हर्ट्झला १६ पिक्सेलचा फराटा, १२०ला ८, २४०ला ४. सीआरटीचा, म्हणजे जुन्या काचनळीच्या पडद्याचा, चमकणारा थर (फॉस्फर) लगेच विझायचा, म्हणून ते स्वच्छ दिसायचं. एलसीडीवर तेच हवं तर बॅकलाइट स्ट्रोब करा, म्हणजे पडद्यामागचा दिवा दर फ्रेमला क्षणभरच लावा.

रात्रपाळी: स्ट्रोब म्हणे! अर्ध्या तासात माझं डोकं ठणकायला लागतं. उजेड कमी होतो तो वेगळाच. आणि बहुतेक मॉनिटरवर स्ट्रोब लावला की अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक (पडद्याचा वेग गेमच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) बंद. फाटलेल्या फ्रेम बघत बसू का?

निवांत_नाना: ६० हर्ट्झवर स्ट्रोब लावलात तर डोकं दुखणारच. १२०च्या वर लावा, फ्रेमरेट तेवढाच स्थिर ठेवा. नाहीतर दुहेरी कडा दिसतात.

पॅनेलपारखी: खरी फसवणूक खोक्यावर आहे, त्यावर कुणी बोलत नाही! मी व्हीए पॅनेल (एलसीडीचा एक प्रकार) घेतलं, खोक्यावर ठळक '१ एमएस'. अंधाऱ्या दृश्यात काळा रंग शेपटीसारखा मागे ओघळतो. तो १ एमएस 'एमपीआरटी' होता, म्हणजे फ्रेम डोळ्यांना दिसत राहण्याचा वेळ, तोही स्ट्रोब चालू असतानाचा; पिक्सेल बदलण्याचा नव्हे. दुकानदार म्हणतो, 'सेटिंग बघा.'

रात्रपाळी: मग ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल जोर लावून लवकर बदलायला लावणारं सेटिंग) वाढवायचा.

पॅनेलपारखी: वाढवला! शेवटच्या पायरीवर कडेला पांढरी झालर येते. जीटीजीचे, म्हणजे पिक्सेल एका करड्या छटेतून दुसरीत जाण्याच्या वेळेचे, आकडेही बऱ्याचदा याच पायरीवर मोजून छापतात. ग्राहकाला मूर्ख समजतात का?

निवांत_नाना: धागा ब्लरचा आहे, खोक्याचा नाही.

पॅनेलपारखी: खोक्यामुळेच लोक ब्लर विकत घेतात, नाना! तुमचं गणित आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलवाल्यांपुरतं. व्हीएच्या अंधारात पिक्सेल वेळेत बदलतच नाही, तिथे तुमचा स्ट्रोब जुन्या फ्रेमचं भूत आणखी ठसठशीत दाखवतो.

निवांत_नाना: व्हीएपुरतं मान्य. बाकी मुद्दा तसाच.

रात्रपाळी: मी २४० हर्ट्झ घेणार, स्ट्रोबशिवाय. ४ पिक्सेल मला चालतील. डोकं माझं आहे.

निवांत_नाना: घ्या. पण गेम ९० फ्रेमवर चालला तर ४ पिक्सेल विसरा. तेवढं ग्राफिक्स कार्ड आहे का, ते आधी बघा.