अनुभव धागा: पूर, भूकंप आणि कॅमेरेवाले बडोदेकर

बडोद्यातले स्टुडिओवाले, हौशी फोटोग्राफर, मदतीला धावलेले स्वयंसेवक, सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली (धोक्याची खूण २५ फुटांवर आहे), तेव्हा अंगणातल्या मगरींचे आणि बुडालेल्या गाड्यांचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. ते आपण पाहिलेच. मला ऐकायचं आहे ते वेगळं: अशा वेळी कॅमेरा असलेल्या माणसाकडे लोक काय मागतात आणि तो काय देऊ शकतो. प्रवासातले, पोर्ट्रेटचे, जुन्या अल्बमचे अनुभवही लिहा. ज्यांच्यावर प्रसंग आला त्यांची नावं मात्र नकोत. माझं मत आधीच सांगते. ज्याचं सगळं गेलं त्याला आपल्या माणसाचा एक स्वच्छ फोटो मिळणं ही गरज आहे, आणि मदतीच्या यादीत गोधड्या-ताडपत्र्यांच्या खाली का होईना, ती लिहिली गेली पाहिजे.

दांडिया बाजार, निवृत्त स्टुडिओमालक

२६ जानेवारी २००१. सकाळी पावणेनऊच्या सुमारास स्टुडिओतली काचेची कपाटं खडखडली. संध्याकाळपर्यंत कच्छच्या बातम्या आल्या आणि आमच्या पोळच्या (जुन्या गल्लीच्या) मंडळाने ट्रक भरायला घेतला. थेपले, सुखडी, गाठिया, गोधड्या. मी यशिका कॅमेरा आणि १२० चे फिल्म रोल पिशवीत टाकले. सुरजबारीच्या पुलाला धक्का बसला होता, गाड्या हळूहळू सोडत होते.

भचाऊला पोचल्यावर आधी पोतीच उतरवली. पडलेली घरं टिपायला वर्तमानपत्रांची माणसं होती. मग एका तंबूतून एक बाई बाहेर आल्या, पिशवीकडे बघून म्हणाल्या, "भाई, फोटो पाडो छो?" म्हणजे फोटो काढता का? त्यांच्या हातात लग्नातला ग्रुप फोटो होता. मागच्या रांगेत त्यांचे यजमान, चेहरा मुगाच्या दाण्याएवढा. बाराव्याला हार घालायला दुसरा फोटो नव्हता. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा साध्या माणसाचा फोटो असायचा लग्नात, शाळेच्या ग्रुपमध्ये आणि निवडणुकीच्या ओळखपत्रावर. बस.

मी तो फोटो भिंतीला टेकवला, सावलीत, म्हणजे चकाकी येत नाही. क्लोजअप लेन्स लावून कॉपी काढली. तासाभरात रांग लागली. ओळखपत्रं, पासबुकं, अर्धे फाटलेले फोटो. नाव आणि गाव वहीत लिहायचो, रोलवर क्रमांक टाकायचो.

अंजारला सगळ्यात कठीण गेलं. तिथे प्रभातफेरीला निघालेली शाळेची मुलं अरुंद रस्त्यात ढिगाऱ्याखाली गेली होती. एक वडील वर्गाचा ग्रुप फोटो घेऊन आले. त्यांनी बोट ठेवलं त्या मुलाचा अर्धा चेहरा पुढच्या मुलाच्या डोक्याआड होता. बडोद्याला आल्यावर मी डार्करूममध्ये तो वाढवला. दिसत नव्हता तो गाल दिसणाऱ्या गालावरून ब्रशने भरला. रीटचिंग वडिलांकडून शिकलो होतो, पण ते लग्नाच्या नवऱ्या-नवरदेवांचे डाग काढायला. शेजारच्या मुलांचे खांदे झाकून मागे साधा करडा पडदा केला. आमच्या सौभाग्यवती रात्री प्रिंट वाळवायला बसायच्या. प्रत्येक पाकिटावर गावाचं नाव त्यांच्याच अक्षरात आहे. पुढचा ट्रक गेला त्यात पाकिटं गेली. त्या वडिलांचं पोस्टकार्ड आलं, एकच ओळ: "आना जेवो ज हतो." असाच होता.

वही आणि निगेटिव्ह मी जपून ठेवलेत. कच्छहून कोणी आलं तर अजूनही प्रिंट काढून देतो.

अकोटा, शाळेत शिक्षिका

काकांचं वाचून डोळे भरले. २०२४ ला आमच्या सोसायटीत तळमजला बुडाला. पाणी उतरल्यावर लोक चिखल काढत होते आणि गाद्या, पुस्तकं, अल्बम एकाच ढिगात जात होते. लग्नाचे अल्बम! मी आणि माझ्या दोन विद्यार्थिनी दारोदार फिरून सांगत होतो, "मावशी, अल्बम टाकू नका, आम्हाला द्या." एका आजींनी तर हात धरला, "अगं, ते कुजलंय, तुम्हा पोरींना आजार होईल." आम्ही हातमोजे घातले आणि बसलो.

पुष्कळ वाचले. जुने ब्लॅक अँड व्हाइट सगळ्यात चांगले निघाले. रंगीत फोटोंवर कडेकडेने रंग विरघळून पिवळे-गुलाबी ओघळ आले होते. चिकट पानांच्या अल्बमने फार त्रास दिला. आजींचा मुंजीतला फोटो सुटा झाला, त्यात त्यांचे दीर ओळखू येतात एवढं त्यांना पुरलं.

सयाजीगंज, भटकंती करणारा

माझा विषय प्रवास. होळीनंतर छोटा उदेपूर जिल्ह्यात कवांटला घेर मेळा भरतो. राठवा आदिवासी पुरुष अंगावर पांढरे ठिपके काढून, मोरपिसांचा टोप घालून, कमरेला दुधी आणि घुंगरू बांधून नाचतात. मोठ्या लेन्सा घेऊन बाहेरचे लोक येतात, टिपतात, जातात. फाइन आर्ट्समध्ये शिकताना चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट सरांचं काम पाहिलं होतं. गावोगावच्या भिंती, अंगणातली चित्रं, गोंदणं त्यांनी वर्षानुवर्षं टिपली (२०१९ ला त्यांना पद्मश्री मिळाली). पुन्हा पुन्हा त्याच गावी जायचं हे मी त्यातून घेतलं. म्हणून मी दर वेळी आदल्या वर्षीचे प्रिंट घेऊन जातो. तिथल्या वडीलधाऱ्यांना पूर्ण उभा फोटो लागतो, पायांसकट. चेहऱ्याचा जवळून काढलेला दिला तर विचारतात, बाकीचा माणूस कुठे?

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिकडून फोन येऊ लागले. "साहेब, आमचे दादा मेळ्यात तुमच्यासमोर उभे राहिले होते, फोटो असेल का?" गाव आणि वर्ष लिहून ठेवायची सवय होती, म्हणून बहुतेक सापडले. दुकानं बंद, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. सुरू झाल्यावर प्रिंट करून नेऊन दिले. बक्षीस मिळालेले फोटो माझ्याकडे आहेत. त्यातला एकही मला त्या प्रिंटइतका मोलाचा वाटत नाही.

कारेलीबाग, स्वयंसेविका

मला एक खटकतं. फूड पॅकेट देताना फोटो काढणं बंद करा. घेणाऱ्याची मान खाली जाते ती मी जवळून पाहिली आहे. देणगीदारांना दाखवायला पोत्यांचा फोटो काढा, स्वयंपाकघराचा काढा.

रावपुरा, वृत्तछायाचित्रकार

ताई, पॅकेटबद्दल शंभर टक्के मान्य. पण ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा गच्चीवर अडकलेल्या एका कुटुंबाचा फोटो मी पत्त्यासह पाठवला आणि तो पाहून होडी तिकडे वळली. चेहरा दाखवायचा तर विचारून, आणि पत्ता दाखवायचा तर मदत करणाऱ्यालाच. एवढं पाळलं तर कॅमेरा उपयोगी पडतो.

धागाकर्ती

रावपुऱ्याच्या दादांचा मुद्दा मला पटला. अकोट्याच्या ताई, फोटो धुण्याची रीत सविस्तर लिहाल का? पावसाळा तोंडावर आहे.

अकोटा, शाळेत शिक्षिका

लिहिते. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळले की संपलं, म्हणून वाळू देऊ नका. आधी आहेत तसे मोबाइलवर टिपून घ्या. मग थंड, स्वच्छ पाण्याच्या पसरट टबात बुडवा आणि पाण्यातच हलक्या हाताने सुटे करा. चित्राच्या बाजूला बोट किंवा कापूस लावू नका, तो जिलेटिनचा थर भिजल्यावर सोलून निघतो. पाणी गढूळ झालं की बदला. चित्राची बाजू वर ठेवून टिपकागदावर सावलीत वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने नको, वाकतात. काचेला चिकटलेला ओढू नका, काचेसकट पाण्यात ठेवा. इंकजेट प्रिंट पाण्यात घालू नका, शाई वाहते. एवढा वेळ नसेल तर ओले फोटो मध्ये बटर पेपर घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवा, नंतर सावकाश करता येतं. पुराच्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं, हातमोजे घाला. कोणाला एकट्याने जमत नसेल तर बादलीत पाण्यात बुडवून माझ्याकडे घेऊन या.