मदत हवी आहे : पाचगणीत चेरी ब्लॉसम फुलेल का?

नमस्कार मंडळी,

सासूबाईंच्या हौसेखातर पाचगणीच्या घरी चेरी ब्लॉसम लावलंय. नर्सरीवाल्याने 'जपानी आहे' म्हणून दिलं. जात विचारली तर नुसता हसला. वाढ बरी आहे, पण कलमाच्या जोडाच्या जरा वर खोडातून मधाच्या रंगाचा डिंक पाझरतोय. बोटाने दाबलं तर तिथली साल मऊ लागते, बाकी खोड टणक. पानं हिरवीगार. ही बुरशी की खोडकिडा? साल खरवडून बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावू का?

जमीन जांभ्याची, उताराची. चेरीच्या मुळांशी पाणी साचलेलं चालत नाही आणि इथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे, म्हणून वाफा उंच करून घेतलाय.

खरी धास्ती थंडीची. जपानी जातींना नीट फुलायला हिवाळ्यात ७ अंशांच्या आसपास किंवा खाली शेकडो तास लागतात. आपल्याकडे पहाटे गारठा असतो, पण दहाला स्वेटर काढावाच लागतो! त्यापेक्षा शिलाँगला नोव्हेंबरात फुलतं ते हिमालयातलं पद्मकाष्ठ (तिकडची रानटी चेरी) बरं, असं वाटतंय. वाई, महाबळेश्वर, कास भागात कुणाकडे ते फुललंय का? रोप कुठून आणलं? पावसाळ्याआधी लावावं की नंतर?

आणि कृपया 'गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा, लांबून तसंच दिसतं' असं सांगू नका. बांधावर ते ढिगाने आहे, आणि सासूबाईंना फरक बरोबर कळतो.