रेपो उतरला, मग आमचा हप्ता का नाही?

बी-३०२: नमस्कार. आपल्या सोसायटीतल्या होम लोनवाल्यांना एक विचारायचं होतं. २०२५ मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर) चार वेळा कमी झाला, ६.५० वरून ५.२५ वर आला. आमचा हप्ता मात्र होता तेवढाच आहे. ब्रँचमध्ये विचारलं तर "सिस्टीममध्ये आपोआप होतं मॅडम" एवढंच सांगतात. कुणाचा कमी झालाय का?

सी-४०१: आम्हाला दर कमी झाल्याचा एसएमएस आला होता. हप्ता तोच.

ए-१०४ (काका): ताई, कर्ज बँकेचं की हाउसिंग फायनान्स कंपनीचं? आणि कधीचं?

बी-३०२: बँकेचं. २०२१ चं, २० वर्षांचं.

ए-१०४ (काका): म्हणजे बहुधा रेपोलाच जोडलेलं असणार. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग (म्हणजे दर बदलत राहणारं) गृहकर्ज बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेने स्वतः न ठरवलेल्या दराला, जोडावं लागतं आणि बहुतेकांनी रेपोच घेतलाय. तुमचा दर म्हणजे रेपो अधिक स्प्रेड (बँक त्यावर लावते ती जादा टक्केवारी). तीन महिन्यांतून एकदा तरी तो नव्याने लावावाच लागतो, त्यामुळे दर नक्की उतरला असणार. हप्ता तोच ठेवून बँक मुदत कमी करते. लोन स्टेटमेंट काढा आणि त्यात "उरलेले हप्ते" तेवढे बघा.

सेक्रेटरी: मधेच लिहितोय, माफ करा. उद्या बी विंगची टाकी साफ होणार आहे, सकाळी पाणी भरून ठेवा.

बी-३०२: काका, काढलं. उरलेले हप्ते २५१ दाखवतंय!! सुरुवातच २४० ने झाली होती ना? इतकी वर्षं हप्ते भरून वाढले कसे?

ए-१०४ (काका): घाबरू नका, चूक नाहीये ती. लोन डिपार्टमेंटमध्ये अख्खी नोकरी झाली माझी, पण हे कर्जदाराला कुणी बसून समजावत नाही याचं मला कायम वाईट वाटत आलंय. जरा लांब लिहितो.

२०२१ मध्ये रेपो ४ टक्के होता. मे २०२२ पासून चढत फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० झाला. तेव्हा तुमचा हप्ता फारसा वाढला नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. वाढ सगळी मुदतीत गेली. आत्ताच्या कपातीने ती फुगलेली मुदत थोडी खाली आली, इतकंच.

एक हिशेब देतो. ३० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं. हप्ता २६,०३५. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त ४,७८५. समजा लगेच दर ९.५ झाला. हप्ता तोच ठेवला तर २४० चे ३०९ हप्ते होतात, म्हणजे पावणेसव्वीस वर्षं. हप्ता २७,९६४ केला असता तर २० वर्षांतच फिटलं असतं. महिन्याला १,९२९ रुपये जास्त, पण एकूण व्याजात सुमारे १३ लाखांचा फरक.

बी-२०३ (काकू): बाई गं, १३ लाख! आणि हे न विचारताच करतात?

ए-१०४ (काका): वहिनी, विचारायला हवं असा नियम आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलाय, जुन्या कर्जांनाही लागू आहे. दर वाढला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदार ठरवणार. दर तिमाहीला स्टेटमेंटही द्यायचं, त्यात आत्तापर्यंत भरलेलं मुद्दल-व्याज, हप्ता आणि उरलेले हप्ते दाखवायचे. पण बँकेचा तसा मेसेज आला तरी आपण वाचत नाही आणि काहीच कळवलं नाही तर मुदतच वाढते.

तर ताई, दोन लेखी अर्ज द्या. पहिला, हप्ता वाढवून मुदत मूळ तारखेला आणा. बसतील तेवढेच वाढवा, ओढाताण करू नका. दुसरा, माझा स्प्रेड किती आणि आज नव्या ग्राहकाला किती देता? रेपो सगळ्यांना सारखाच, फरक असतो तो स्प्रेडमध्ये. फरक निघाला तर दर बदलून मागा. थोडी फी लागते.

बी-३०२: दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर केलं तर?

ए-१०४ (काका): आधी स्वतःच्या बँकेशी बोला. ट्रान्सफरला प्रोसेसिंग फी, लीगल, व्हॅल्युएशन हे सगळं पुन्हा, आणि आपल्याकडे तारणावर मुद्रांक शुल्कही पुन्हा. बरीच वर्षं बाकी आणि दरात अर्ध्या टक्क्याच्या वर फरक असेल तरच मी त्या भानगडीत पडेन. फ्लोटिंग गृहकर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नाही. त्यामुळे बोनस वगैरे आला की पार्ट पेमेंट करा (थोडं मुद्दल एकरकमी भरा) आणि "मुदत कमी करा" असं लेखी द्या.

सी-६०१: काका, माझंही सांगा ना. बुकिंग केलंय, ताबा दोन वर्षांनी. बिल्डरचा माणूस म्हणतो प्री-ईएमआय घ्या, भार कमी पडतो.

ए-१०४ (काका): प्री-ईएमआय म्हणजे जेवढी रक्कम बिल्डरकडे गेली तेवढ्यावरचं नुसतं व्याज. मुद्दल एक रुपया फिटत नाही आणि ताबा लांबला तर तेच चालू राहतं. भाडं भरून झेपत असेल तर बँकेला पूर्ण हप्ता सुरू करायला सांग. नसेल झेपत तर घे, पण ते काय आहे हे कळून घे.

किंमत किती?

सी-६०१: ६० लाख.

ए-१०४ (काका): मग कर्ज जास्तीत जास्त ४८ लाख. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. १२ लाख मार्जिन, म्हणजे स्वतःच्या खिशातले, तुझं आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी त्याच्या वर. ते पैसे वेगळे ठेव, तरुण मुलं नेमकी इथे अडकतात आणि मग पर्सनल लोन काढतात.

सही करायच्या आधी "की फॅक्ट स्टेटमेंट" माग, म्हणजे कर्जाची मुख्य माहिती एकत्र देणारा कागद. ऑक्टोबर २०२४ पासून ते द्यावंच लागतं. त्यातला एपीआर (वर्षाचा एकूण खर्चाचा दर) बघ, त्यात व्याजाबरोबर बाकीचे खर्चही धरलेले असतात. कर्जाबरोबर विम्याचा हप्ता जोडलेला असेल तर तो कर्जाच्या रकमेत टाकलाय का विचार, नाहीतर त्यावरही २० वर्षं व्याज. घरावर कर्ज असताना टर्म विमा हवाच, पण तो स्वतः बाहेर बघून घे.

बी-२०३ (काकू): आमचं गेल्या महिन्यात फिटलं. बँकेकडे ठेवलेले घराचे कागद अजून आले नाहीत. किती दिवस थांबायचं?

ए-१०४ (काका): ३० दिवस. पुढे बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई त्यांनी द्यायची, डिसेंबर २०२३ पासून नियम आहे. तारीख टाकून लेखी मागणी करा आणि पोच घ्या.

सेक्रेटरी: आणि काकू, बँकेचं नो ड्यूज (काही बाकी नसल्याचं पत्र) मिळालं की एक प्रत ऑफिसात द्या. तुमच्या शेअर सर्टिफिकेटवर बँकेच्या तारणाची नोंद आहे, ती रजिस्टरमधून काढायची आहे.

बी-३०२: काका, दोन्ही अर्ज लिहिलेत. उद्या बँकेत जायच्या आधी तुम्हाला दाखवायला येऊ का?

ए-१०४ (काका): या की. स्टेटमेंट आणि सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) दोन्ही घेऊन या.