शंभर वर्षांची नॉर्थ सेंट्रल, एकटं पडलेलं कारमेल: शाळांनी कॉन्फरन्स सोडाव्यात का?

वाबाशकाठ (धागाकर्ता)

इंडियानात मूल नववीत गेलं की मराठी घरातही 'कॉन्फरन्स' हा शब्द रोजचा होतो. जवळपासच्या आठ-दहा हायस्कुलांचा हा गट. दरवर्षी एकमेकांशी खेळायचं आणि प्रत्येक खेळात गटाचा विजेता ठरवायचा. राज्य स्पर्धेशी त्याचा काही संबंध नाही, तिथे सेक्शनल या पहिल्या टप्प्यापासून सगळ्याच शाळांना प्रवेश असतो. तरीही एखादी शाळा कॉन्फरन्स सोडते तेव्हा अख्खं गाव हळहळतं, आणि ते मला पूर्ण पटतं.

नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्स १९२६ ची. मन्सी सेंट्रल, मॅरियन, अँडरसन, कोकोमो, लोगन्सपोर्ट, लाफायेट जेफरसन, रिचमंड, न्यू कॅसल ही तिच्यातली जुनी, नावाजलेली मंडळी. मॅरियनने १९८५, ८६ आणि ८७ असं सलग तीनदा राज्य जिंकलं, १९८८ ला मन्सी सेंट्रलने. चार वर्षं बास्केटबॉलचं विजेतेपद या एका गटाबाहेर गेलं नाही, आणि तेव्हा राज्यातल्या लहानमोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत उतरत होत्या. न्यू कॅसल हे अठरा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, पण १९५९ साली उघडलेल्या त्याच्या फिल्डहाउसमध्ये आठ हजारांहून जास्त माणसं बसतात. हायस्कुलाचं एवढं मोठं जिम जगात दुसरं नाही असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. ते एवढं मोठं बांधलं कारण मन्सी आणि अँडरसनहून गाड्या भरभरून लोक यायचे.

२०१० नंतर न्यू कॅसल हूझियर हेरिटेज कॉन्फरन्सला गेलं. हंटिंग्टन नॉर्थ नॉर्थईस्ट एटमध्ये गेलं. हॅरिसन आणि मॅककचन या आमच्या टिपकनू काउंटीतल्या, म्हणजे लाफायेटजवळच्या, शाळा हूझियर क्रॉसरोड्स सोडून नॉर्थ सेंट्रलमध्ये आल्या. आणि २०२२ मध्ये तर कहर झाला. कारमेल आणि सेंटर ग्रोव्ह यांनी आपली मेट्रोपॉलिटन कॉन्फरन्स सोडून हूझियर क्रॉसरोड्सकडे अर्ज केला, तिथे नकार मिळाला, आणि मग मेट्रोपॉलिटनमधल्या उरलेल्या सहा शाळांनी या दोघींना वगळूनच पुढे जायचं ठरवलं. दोन बलाढ्य शाळा कुठल्याच गटात उरल्या नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. कॉन्फरन्स शेजाराने ठरावी. जिंकण्या-हरण्याच्या हिशेबाने ती सोडू नये, आणि सोडायचीच असेल तर प्राचार्यांच्या बैठकीत उरकण्याआधी ते गावासमोर मांडावं.

हायवे_३१

तीव्र असहमत.

तुम्ही ज्या गावांची नावं घेतलीत, ती गावं १९८५ ची राहिली आहेत का? अँडरसनमध्ये जनरल मोटर्सची वीस हजारांवर माणसं कामाला होती. डेल्को रेमी, गाइड लॅम्प, सगळं गेलं. १९७० ला सत्तर हजारांची वस्ती होती, आता पंचावन्न हजारांच्या आसपास. मॅडिसन हाइट्स हायस्कूल १९९७ ला मिटलं, हायलँड २०१० ला. एका गावात तीन हायस्कुलं होती, आता एक आहे. विगवॅम हे त्यांचं जवळजवळ नऊ हजार खुर्च्यांचं जिम, खर्च झेपेना म्हणून २०११ मध्ये बंद करावं लागलं. मन्सीत बोर्गवॉर्नरचा कारखाना २००९ ला गेला, पुढे साउथसाइड हायस्कूल सेंट्रलमध्ये विलीन झालं. न्यू कॅसलचा क्रायस्लरचा कारखानाही बंद पडला.

न्यू कॅसलची पटसंख्या घसरली होती. त्यांनी दुप्पट मोठ्या शाळांशी फुटबॉल खेळत राहायचं ते कशासाठी, आजोबांच्या आठवणींसाठी? फुटबॉलमध्ये पट कमी म्हणजे तीच पोरं आक्रमणात, तीच बचावात. चौथ्या क्वार्टरला दमलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासमोर ताज्या दमाचा आडदांड मुलगा उभा राहतो. दुखापती तिथेच होतात. आपल्या मापाची कॉन्फरन्स शोधणं हा शहाणपणा आहे, त्याला पळ काढणं म्हणू नये.

सांगलीकर

बाहेरून वाचतोय, एक प्रश्न. आपल्याकडे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची चढण असते. इथे ती सेक्शनलपासून आहेच म्हणता. मग हा गट वेगळा हवाच कशाला?

वाबाशकाठ

@सांगलीकर, चढणीवर एक सामना हरलात की खेळ संपला. बहुतेक शाळा सेक्शनलच्या पहिल्या-दुसऱ्या सामन्यातच घरी येतात. फुटबॉलचे राज्य स्पर्धेआधीचे नऊ सामने घ्या. आठ शाळांची कॉन्फरन्स असली की त्यातले सात आपोआप ठरतात. मुलांचा हंगाम म्हणजे खरं तर तेच सामने.

@हायवे_३१, कारखान्यांबद्दलचं सगळं मान्य. पण त्यातून मी उलटा निष्कर्ष काढतो. कारखाना गेला, दुकानं गेली, अशा गावात शुक्रवारी रात्री हजारभर माणसं एका छपराखाली आणणारं दुसरं काय उरतं? आणि ती माणसं येतात ती समोर मन्सी किंवा अँडरसन असतं म्हणून. नवा पाहुणा संघ आला की अर्धी बाकं रिकामी. तिकिटाच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही विचारा. मुलांच्या बास्केटबॉलच्या गल्ल्यावर गोल्फ, टेनिस, क्रॉस कंट्रीचे खर्च निघतात. प्रतिस्पर्धी घालवला की गल्ला आटतो.

कारमेलची_आई

धाग्यात कारमेलचं नाव 'कहर' म्हणून आलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या शाळेत पाच हजारांवर मुलं आहेत. मुलींच्या जलतरण संघाने १९८७ पासून दशकानुदशकं राज्य विजेतेपद सोडलं नाही, देशात कुठल्याच हायस्कुलाचा असा विक्रम नाही. या आकाराच्या शाळेला 'शेजाराने ठरणारी' कॉन्फरन्स कुठली? नकाशा काढून बघा. कारमेल हॅमिल्टन काउंटीत. वेस्टफील्ड, नोबल्सव्हिल, फिशर्स, हॅमिल्टन साउथईस्टर्न या काउंटीतल्या आमच्या शेजारणी, आणि त्या सगळ्या हूझियर क्रॉसरोड्समध्ये. मेट्रोपॉलिटनमधल्या बाकी सहा शाळा, म्हणजे बेन डेव्हिस, वॉरन सेंट्रल, पाइक, नॉर्थ सेंट्रल (ही इंडियानापोलिसची शाळा, वरच्या कॉन्फरन्सशी हिचा संबंध नाही), लॉरेन्स सेंट्रल आणि लॉरेन्स नॉर्थ, मॅरियन काउंटीतल्या, म्हणजे इंडियानापोलिसच्या (मॅरियन गाव वेगळं). तुमच्याच नियमाने आम्ही योग्य दारावर गेलो होतो. दार उघडलं नाही.

आता माझ्या घरातलं सांगते. मुलगी टेनिस खेळते. बरी खेळते, राज्य पातळीची नाही. कारमेलच्या संघात जागा मिळवणंच महाकठीण. जिला ती मिळाली आणि जी राज्यात पुढे जाणार नाही, तिच्यासाठी हंगामाचं शिखर म्हणजे कॉन्फरन्स मीट. 'ऑल-कॉन्फरन्स' म्हणून निवड झाली की शाळेच्या जॅकेटवर तो पट्टा शिवायचा. शाळा गटाबाहेर पडली आणि तो पट्टा मिळवायची वाटच राहिली नाही. फुटबॉलवाल्यांना सिनसिनाटी, लुइव्हिलकडचे मोठे संघ मिळतात, त्यांच्या सामन्यांची चर्चाही होते. टेनिसच्या मुलींना काय मिळालं?

तेव्हा कॉन्फरन्स सोडू नये या वाबाशकाठांच्या मताशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण दोष आमच्या माथी मारण्याशी नाही.

पिंपळपान

ताई, एक बाजू राहिली. मेट्रोपॉलिटनच्या त्या सहा शाळांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचं प्रमाण मोठं आहे, कारमेल आणि सेंटर ग्रोव्हमध्ये ते त्या मानाने कमी. दोन श्रीमंत उपनगरी शाळांनी एकाच वेळी जायला निघावं, याचा मागे राहणाऱ्या मुलांना काय अर्थ लागला असेल? कारण प्रवासाचं असेल, वेळापत्रकाचं असेल. माझ्यासमोरून जर कोणी असं उठून गेलं असतं तर मला अपमानच वाटला असता. त्या सहा शाळांनी 'मग आम्हीच पुढे जातो' म्हटलं ते मला योग्य वाटतं.

आणि जुन्या दिवसांबद्दल एवढं हळवं होण्याआधी क्रिस्पस अ‍ॅटक्स हायस्कूलही आठवा. १९२७ साली इंडियानापोलिसमध्ये फक्त काळ्या मुलांसाठी काढलेली शाळा. राज्याच्या हायस्कूल क्रीडा संघटनेने तिला १९४२ पर्यंत सदस्यत्वच दिलं नाही, कॅथलिक शाळांनाही तोवर दार बंदच होतं. अ‍ॅटक्सला धड जिम नव्हतं. कोण खेळायला बोलावेल तिथे जायचं, लहान गावांतून, लांब लांब बसने, आणि वाटेत बरीचशी हॉटेलं वाढायला तयार नसायची. त्याच शाळेने ऑस्कर रॉबर्टसन हा नामांकित बास्केटबॉलपटू तिथे शिकत असताना १९५५ आणि १९५६ ला राज्य जिंकलं. राज्याच्या खुल्या स्पर्धेत अजिंक्य ठरलेली देशातली ती पहिली काळ्या मुलांची शाळा. शेजारच्या शाळांच्या घट्ट गटांचा जो सुवर्णकाळ तुम्ही सांगता, त्यात शेजारी कोणाला म्हणायचं हे असं ठरत होतं.

अजून एक. तुमच्या पहिल्या प्रतिसादातली सगळी वर्षं मुलांची आहेत. मुलींच्या बास्केटबॉलची राज्य स्पर्धा सुरूच झाली १९७६ ला.

वाबाशकाठ

पिंपळपान, अ‍ॅटक्सचा इतिहास प्रत्येकाने वाचावा असाच आहे. पण तो माझ्या मुद्द्याला बळच देतो. अ‍ॅटक्सवरचा अन्याय हा होता की शेजारी असून त्यांना शेजारी मानलं नाही. आज शाळांना सोयीने गट निवडायची मोकळीक दिली की तेच सभ्य भाषेत पुन्हा होऊ शकतं. म्हणून मी म्हणतो, नकाशावर जे जवळ आहेत त्यांच्याशी खेळा, ते तुमच्यासारखे असोत वा नसोत. कारमेलपासून इंडियानापोलिसची नॉर्थ सेंट्रल किती लांब आहे हो? गाडीने वीसेक मिनिटं. काउंटीची रेघ मध्ये आली म्हणून शेजार तुटतो का?

मास्तर_लाफायेट

इथे बसबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

लाफायेट ते रिचमंड, ओहायोच्या सीमेपर्यंत, दोन तासांहून जास्त. मंगळवारी संध्याकाळी व्हॉलीबॉलचा सामना संपवून मुली निघाल्या की शाळेच्या पार्किंगमध्ये बस येते तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात. पालक गाडीत हीटर लावून बसलेले. मुली उतरतात त्या मांडीवर रसायनशास्त्राची वही घेऊन, कारण बसमध्ये मोबाइलच्या उजेडात गृहपाठ चाललेला असतो. सकाळी पहिल्या तासाला त्याच मुली माझ्यासमोर. अर्ध्या तरी झोपेत असतात.

तेव्हा शेजार शेजार म्हणताना हेही बघा की तुमची लाडकी नॉर्थ सेंट्रल पसरली आहे पूर्व-पश्चिम अर्ध्या राज्यावर. १९२६ साली मोठ्या गावांनी मोठ्या गावांशी केलेला तो गट होता. मधली पन्नास लहान गावं ओलांडून ते एकमेकांकडे जायचे. म्हणजे मापानेच जमवलेला गट, शेजाराने नाही. हायवे_३१ न्यू कॅसलसाठी जे मागतायत, तेच या कॉन्फरन्सच्या संस्थापकांनी केलं होतं.

हॅरिसन-मॅककचनचं येणं मात्र मला मनापासून आवडलं. जेफ (लाफायेट जेफरसन) विरुद्ध हॅरिसन असला की पर्ड्यू विद्यापीठाचे आपले मराठी विद्यार्थीसुद्धा बघायला येतात. बस दहा मिनिटांची, आणि गल्ला भरलेला.

वाबाशकाठ

मास्तर, संस्थापकांबद्दलचा मुद्दा जोरदार आहे. पण मापाने जमलेल्या गटातही पिढ्यान्‌पिढ्या खेळून शेजार तयार होतो. मॅरियनच्या माणसाला मन्सीबद्दल जे वाटतं, ते मधल्या लहान गावाबद्दल वाटत नाही.

हायवे_३१

वाटणं खरं आहे, पण ते टिकवायला कॉन्फरन्स लागत नाही. न्यू कॅसलला मन्सीशी खेळायला आजही कोणी अडवलेलं नाही. वेळापत्रकात बिगर-कॉन्फरन्स सामन्यांना जागा असते, त्यातला एक जुन्या प्रतिस्पर्ध्याला द्या. फिल्डहाउस भरेल, गल्लाही येईल. उरलेले सामने आपल्या मापाच्या शाळांशी.

मापाला तुम्ही सगळे इतके नाकं मुरडता, आणि तरी १९५४ चा मिलान सगळ्यांना तोंडपाठ. १६१ मुलांच्या शाळेने मन्सी सेंट्रलला ३२-३० ने हरवलं, बॉबी प्लंपचा शेवटचा फटका. त्या वर्षी ७५१ शाळा स्पर्धेत होत्या. जिंकली एक. बाकी शेकडो लहान शाळांची पोरं मोठ्यांकडून मार खाऊन परतली, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. १९९७-९८ पासून राज्य स्पर्धेत शाळांचे पटसंख्येनुसार वेगळे गट झाले तेव्हा इथे केवढी रडारड झाली! पण त्यानंतर किती लहान गावांनी आपल्या जिमच्या भिंतीवर राज्य विजेतेपदाचा फलक लावला ते बघा.

कारमेलची_आई

हायवे_३१, तुमचा उपाय न्यू कॅसलला लागू पडेल. आम्हाला नाही. फुटबॉलमध्ये सप्टेंबरच्या मध्यापासून बहुतेक शाळांचे सगळे शुक्रवार कॉन्फरन्सच्या सामन्यांनी भरलेले असतात. स्वतंत्र शाळेला त्या आठवड्यांत राज्यात प्रतिस्पर्धीच सापडत नाही, मग ओहायो, केंटकी. 'एखादा सामना द्या' म्हणायला समोरच्याकडे तारीख मोकळी हवी ना.

आणि वाबाशकाठ, वीस मिनिटांचा मुद्दा मान्य. मला विचारलं असतं तर मी मेट्रोपॉलिटनमध्येच राहा म्हटलं असतं. पण शाळा मंडळाच्या बैठकीत तीन मिनिटं बोलायला मिळतात, तीही विषय कार्यक्रमपत्रिकेवर असेल तर. अर्ज करण्याआधी पालकांची एक खुली बैठक घेतली असती तर टेनिस, गोल्फ, पोहणं यांतले पालक उठून बोलले असते. तुमच्या पहिल्या पोस्टमधली ती शेवटची अट, गावासमोर मांडण्याची, तेवढी मला कुठलाही फाटा न फोडता मान्य आहे.

हायवे_३१

त्या अटीला माझाही विरोध नाही. फक्त बैठकीला मुलींच्या संघांचे आणि दुसऱ्या फळीतल्या मुलांचे पालक बोलावले पाहिजेत. नाहीतर माइकवर १९८७ च्या संघातली मंडळीच बोलत राहतील.