सायकलची चेन तुटली म्हणून लगेच टेम्पो नको

वर एकांनी म्हटलंय की तुळजापूर घाटात चेन तुटली तर टेम्पोला हात करण्याशिवाय इलाज नाही. अहो, शंभर ग्रॅमच्या सामानात काम होतं: छोटं चेन टूल (चेनची पिन ढकलायचं अवजार) आणि क्विक लिंक (हातानं जोडता येणारी सुटी कडी). फक्त लिंक आपल्या स्पीडचीच हवी, म्हणजे मागे जितकी चक्रं तितक्याची; ९ स्पीडची ११ ला चालत नाही.

चेनमध्ये एक रुंद, एक अरुंद अशा कड्या असतात; बहुतेक वेळा रुंद कडीची, म्हणजे बाहेरची पट्टी फाटते. तेवढी कडी पिन दाबून काढली की दोन्ही टोकांना अरुंद कड्या उरतात, त्यात क्विक लिंक बसते आणि लांबीही तेवढीच राहते. जोड वरच्या बाजूला आणायचा, मागचा ब्रेक आवळून पॅडलवर जोर द्यायचा. टक्‌ आवाज आला की बसली.

लिंक नसेल तर रुंद-अरुंद अशी कड्यांची जोडी काढावी लागते. पिन पूर्ण बाहेर ढकलू नका, पलीकडच्या पट्टीत अडकलेली राहू द्या. रस्त्याकडेच्या धुळीत पडली तर बसा शोधत! चेन इंचभर आखूड होते, म्हणून पुढचं मोठं चक्र-मागचं मोठं चक्र असं गिअर टाळायचं. १०-११ स्पीडला हा जुगाड घरी पोचण्यापुरताच.

साध्या बिनगिअरच्या सायकलीला क्लिपनं बंद होणारी कडी असते, त्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला.

आणि घाटात पॅडलवर उभं राहून गिअर बदलू नका हो, निम्म्या चेनी तिथंच जातात.